जेरुसलेमच्या पोटातली गावं

आधी एक खुलासा. आम्ही गेलो ते २०२३ च्या फेब्रुवारीत, म्हणजे त्या ऑक्टोबरात सुरू झालेल्या गाझातल्या युद्धाच्या आधी. टिपणं वहीत तशीच पडून होती. तेव्हा खाली बस, गाड्या, वेळा यांबद्दल जे लिहिलंय ते त्या वेळचं आहे. आता जायचा विचार असेल, तर आपलं परराष्ट्र मंत्रालय त्या आठवड्यात काय सांगतंय ते आधी बघा, मग तिकिटं.

जेरुसलेमला गेलेल्यांची वर्णनं सहसा जुन्या शहराच्या तटातच फिरतात. तिथे आम्हीही गेलो, पण त्यावर आणखी एक लेख कशाला. ताईच्या डोक्यात वेगळंच होतं. ती शाळेत इतिहास शिकवायची, आणि निवृत्त झाल्यापासून तिला शिकवायला माझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही. तिच्या यादीत चार नावं होती: लिफ्ता, ऐन करेम, मालहा, बैत सफाफा. आजच्या नकाशात ही जेरुसलेमची उपनगरं आहेत, किंवा उपनगरांमधल्या रिकाम्या जागा. १९४८ पर्यंत ही अरब गावं होती आणि शहर त्यांच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर होतं. मग शहर पसरलं. प्रत्येक गाव त्याने वेगळ्या तऱ्हेने गिळलं, आणि तो वेगळेपणा बघायलाच आम्ही गेलो होतो.

बुधवार: ऐंशी मीटर खाली

विमानतळावरून थेट आगगाडी आहे. वीस-पंचवीस मिनिटांत जेरुसलेमचं यित्झाक नाव्होन स्थानक येतं, आणि ते जमिनीच्या तब्बल ऐंशी मीटर खाली आहे. सरकते जिने एकामागून एक संपतच नाहीत. ताईचे गुडघे बोलायला लागले तेव्हा आम्ही लिफ्ट शोधली. सामान जास्त असेल तर पहिल्यापासून लिफ्टच धरा.

वर आलो तर बोचरी थंडी आणि भुरभुर पाऊस. फेब्रुवारीत जेरुसलेम असंच असतं, समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर. तेल अवीवमध्ये लोक अर्ध्या बाह्यांत फिरत असतात आणि इथे कानटोपी लागते. स्वेटरवर वारा अडवणारं काहीतरी हवंच.

खोली जवळच घेतली होती. संध्याकाळी पाय मोकळे करायला रोमेमा भागात गेलो. तिथे इमारतींच्या मधोमध एक दगडी स्मारक आहे. ९ डिसेंबर १९१७ ला जेरुसलेमचे महापौर हुसैन अल-हुसैनी चादरीचा पांढरा झेंडा घेऊन शहर ब्रिटिशांच्या हवाली करायला याच बाजूला आले होते. म्हणतात, त्यांना आधी भेटले ते पलटणीचे रस्ता चुकलेले स्वयंपाकी. एवढं मोठं शहर ताब्यात घ्यायची त्यांची काही तयारी नव्हती. शेवटी एका जनरलपर्यंत पोचेपर्यंत महापौरांना त्याच दिवशी अनेकदा शरणागती पत्करावी लागली. ताईने हा किस्सा भर पावसात उभं राहून पूर्ण सांगितला.

स्मारक शहराच्या शरणागतीचं आहे, पण पायाखालची जमीन लिफ्ता गावाची. रोमेमा, गिव्हात शाऊलचा भाग, आज जिथे संसद आहे त्या बाजूची शेख बद्र वस्ती, हे सगळं कधीकाळी त्या गावाचं शिवार होतं. संध्याकाळच्या गर्दीत हे डोळ्यांना कुठेच दिसत नाही. ते बघायला दरीत उतरावं लागतं.

गुरुवार: लिफ्ता

पाऊस रात्रीच थांबला होता. बस स्थानकापासून पश्चिमेला, शहराबाहेर पडणाऱ्या महामार्गाच्या कडेने चालत निघालो. गाड्यांचा असा गोंगाट की एकमेकींशी बोलता येत नव्हतं. मग एका बाजूला पायवाट उतरते, आणि पाच-सात मिनिटांत आवाज मागे राहतो. समोरच्या उतारावर दगडी घरं पायऱ्यापायऱ्यांनी उतरलेली, मध्ये बदामाची झाडं पांढऱ्या-गुलाबी फुलांनी भरलेली, आणि घरांत कोणी नाही.

जवळून बघितल्यावर ही घरं केवढी श्रीमंत होती ते कळतं. दोन-दोन, तीन-तीन मजले, घडीव दगड, आत कमानदार छतं. लिफ्ता हे जेरुसलेमच्या परिसरातलं सधन गाव. ऑलिव्हच्या बागा होत्या, घाणे होते, शहर हाकेच्या अंतरावर असल्याने माल विकायला बाजार होता. इथल्या बायका भरतकामासाठी प्रसिद्ध होत्या. लग्नासाठी त्या 'घबानी' नावाचा झगा शिवायच्या, सोनेरी रेशमी वेलबुट्टीचा. ऑटोमन काळातल्या १५९६ च्या करनोंदीत गावाचा उल्लेख आहे. त्याहून मागे जायचं तर बायबलच्या यहोशवाच्या पुस्तकात यहूदा आणि बन्यामीन या वंशांच्या सीमेवरचा 'नफ्तोहाचा झरा' येतो, तो हाच असं मानतात. झरा आजही वाहतो. गावाच्या मधोमध दगडी टाकं आहे, त्यात पाणी पडत असतं.

आता छतांकडे बघा. जवळजवळ प्रत्येक घराच्या छताला मधोमध भगदाड आहे. मला आधी वाटलं, जुनी घरं, कोसळली असतील. पण ती मुद्दाम पाडलेली आहेत, नंतरच्या काळात, पुन्हा कोणी येऊन राहू नये म्हणून. भिंती इतक्या भक्कम की छताला भोक पाडूनही घर उभंच.

गाव रिकामं कसं झालं, त्याची सुरुवात एका कॉफीच्या दुकानापासून होते. २८ डिसेंबर १९४७. संयुक्त राष्ट्रांत पॅलेस्टाइनच्या फाळणीचा ठराव होऊन महिनाही झाला नव्हता. ज्यू सशस्त्र गटाच्या लोकांनी लिफ्ताच्या कॉफीहाउसवर गोळीबार केला, बाँब टाकले. सहा जण मेले. महामार्ग ताब्यात ठेवण्यासाठी शहराच्या तोंडावरचं हे गाव दोन्ही बाजूंना महत्त्वाचं होतं. फेब्रुवारी १९४८ पर्यंत सव्वादोन हजारांच्या आसपास वस्तीचं गाव जवळपास ओस पडलं. म्हणजे इस्रायलची घोषणा व्हायच्या तीन महिने आधी. हे सगळं 'युद्धात घडलं' असं मी आजवर ढोबळपणे समजत होते. तारखा लावून बघितल्यावर चित्र बदलतं.

त्यानंतर इथे येमेन आणि कुर्दिस्तानातून आलेली ज्यू कुटुंबं ठेवली. ना नळ, ना वीज. तीही बहुतेक सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत निघून गेली, वरच्या अंगाची शेवटची काही कुटुंबं तर २०१७ पर्यंत टिकून होती. घर गमावलेले एक, आणि नको असलेलं घर मिळालेले दुसरे. ताई म्हणाली, "सरकारी कागदावर दोन्ही एकाच फायलीत असतील."

टाक्याच्या वरच्या अंगाला एक साठीचे गृहस्थ जमिनीलगतची पानं खुडत होते. खुब्बेझा म्हणतात तिला, रानभाजी. कांद्यावर परतून लिंबू पिळून खातात. सोबत नातू, बारा-तेरा वर्षांचा, मोबाइलला रेंज नाही म्हणून वैतागलेला. आम्ही भारतीय आहोत म्हटल्यावर गृहस्थांनी अमिताभ बच्चनची चौकशी केली, आणि थर्मासमधून चहा ओतला. त्यात मरमिया म्हणजे सेजची पानं. थंडीत हा चहा प्यायल्यावर मला आपला आल्याचा चहा आठवला नाही, इतकं पुरे.

ते जन्मले पूर्व जेरुसलेममध्ये. घर त्यांच्या वडिलांचं. "ते बघा, दोन कमानींचं, खाली अंजिराचं झाड." इथून त्यांचं आजचं राहतं घर काही किलोमीटरवर. १९६७ च्या युद्धात पूर्व जेरुसलेम जॉर्डनकडून इस्रायलच्या ताब्यात गेलं, तेव्हापासून ते येऊ शकतात, बसू शकतात, भाजी खुडू शकतात. घर मात्र त्यांचं नाही. १९५० च्या कायद्याने 'अनुपस्थित' ठरलेल्यांची मालमत्ता सरकारी ताबेदाराकडे गेली, मग तो माणूस दुसऱ्या देशात असो की डोंगरापलीकडे. ताईने विचारलं, "आत जाता का कधी?"

"जातो की. पोरांना घेऊन जातो. हा जायला तयार नसतो, म्हणतो आत लघवीचा वास येतो." नातवाने मान हलवली. खरंच येतो.

बाकीच्या गावांची घरं पाडली गेली किंवा त्यांत दुसरे राहायला आले. लिफ्ता तसंच राहिलं. म्हणून त्याच्यावर सगळ्यांचा डोळा आहे. २००६ मध्ये २१२ आलिशान घरं आणि एक हॉटेल बांधायची योजना मंजूर झाली. २०११ मध्ये निविदा निघाली, २०१२ मध्ये न्यायालयाने ती रद्द केली. २०२१ मध्ये पुन्हा हालचाल झाली, पुन्हा थंडावली. योजनेविरुद्ध गावाचे वंशज आणि काही ज्यू कार्यकर्ते, वास्तुरचनाकार एकत्र लढले. वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाच्या २०१८ च्या धोक्यातल्या वारशाच्या यादीत लिफ्ता आहे. मला विचाराल तर डागडुजी व्हावी, पण ज्यांची घरं आहेत त्यांना वगळून केलेल्या डागडुजीला मी जतन म्हणणार नाही.

अकराच्या सुमारास काळ्या टोप्या घातलेली कट्टर धार्मिक ज्यू मुलं टॉवेल घेऊन उतरली. झऱ्याच्या पाण्यात डुबकी मारणं त्यांच्यासाठी शुद्धीचं स्नान असतं, आणि ते सगळे कपडे काढून केलं जातं. गृहस्थांनी भाजीची पिशवी उचलली, आम्ही पाठमोऱ्या झालो आणि वर चढू लागलो. बायकांनी जायचं तर सकाळी लवकर जा, आणि शुक्रवारी दुपारी तर टाक्याकडे फिरकूच नका. पायात पकड असलेले बूट हवेत. पडक्या घरांत शिरू नका, छतं कधीही येतील. वर चढताना पाणी लागतं आणि तिथे दुकान नाही.

शुक्रवार: ऐन करेम आणि मावशींचं जेवण

माउंट हर्झलपासून बस दरीत उतरते आणि समोर एकदम चित्रातलं गाव येतं. सरूची झाडं, घंटाघरं, सोनेरी घुमटांचा रशियन मठ, दगडी घरांवर वेली. हा जेरुसलेम महापालिकेचाच भाग आहे, यावर विश्वास बसत नाही.

परंपरेनुसार बाप्तिस्मा करणारा योहान इथे जन्मला, आणि गरोदर मरिया आपल्या नातलग अलीशिबेला भेटायला इथेच आली. त्यामुळे यात्रेकरूंची रांग. उतारावरच्या भेटीच्या चर्चची वरची इमारत आंतोनिओ बार्लुझी या इटालियन वास्तुरचनाकाराची, १९५५ मध्ये पूर्ण झालेली. अंगणाच्या भिंतीवर मरियेचं स्तोत्र अनेक भाषांत फरशांवर लिहिलेलं आहे. केरळचा एक मोठा गट तिथे गात होता, आणि सुरात गात होता. ताई शेवटपर्यंत थांबली.

खाली मरियेचा झरा. लोक बाटल्या भरून घेतात. पाणी पिण्यालायक नसल्याची पाटी वरच आहे, तिच्याकडे कोणी बघत नाही. आणि त्याहून कोणी बघत नाही ते झऱ्याच्या वरच्या मशिदीकडे. मिनार उभा आहे, नमाज नाही.

१९४५ च्या मोजणीत ऐन करेमची लोकसंख्या होती ३,१८०: अडीच हजार मुसलमान, बाकी ख्रिस्ती. एप्रिल १९४८ मध्ये जवळच्या देर यासीन गावातल्या कत्तलीची बातमी आली तेव्हा बरेच जण निघाले, जुलैमध्ये उरलेलेही गेले. मग सरकारने इथल्या रिकाम्या घरांत नव्याने आलेल्या ज्यू निर्वासितांना राहायला दिलं, येमेन, मोरोक्को, रुमानियातून आलेल्यांना. पुढे चित्रकार, कुंभारकाम करणारे, मग पैसेवाले. घरं शाबूत राहिली ती त्यामुळे. आज त्यांत कॅफे आणि दालनं आहेत, आणि शुक्रवारी दुपारी बसायला जागा नाही. आम्ही एका कमानीखाली लबने (दह्याचा चक्का) आणि झातर (रानओव्याचा मसाला) लावलेली रोटी खाल्ली. उत्तम होती, महाग होती. कमानीच्या दगडावर अरबीत काहीतरी कोरलेलं होतं, त्यावर दिव्यांची माळ सोडलेली. मला लिफ्तापेक्षा इथे जास्त अस्वस्थ वाटलं. तिथे निदान भगदाड दिसतं.

आता मावशी. ठाण्याला आमच्या शेजारी एक बेने इस्रायली कुटुंब होतं, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. सिनेगॉगजवळच्या त्या घरातला मलिदा खाऊनच आम्ही मोठ्या झालो. त्यांची थोरली बहीण साठच्या दशकात इस्रायलला आली. आधी दिमोना, वाळवंटात, मग नवऱ्याच्या नोकरीमुळे जेरुसलेम. राहतात किर्यात हायोव्हेलमध्ये, ऐन करेमच्या डोक्यावरच्या डोंगरावर. हे उपनगरही पन्नासच्या दशकात बैत मझमील नावाच्या अरब वस्तीच्या जमिनीवर उभं राहिलं. ताईला ते माहीत होतं. मावशींना विचारावं की नाही यावर चढणभर चर्चा झाली.

"या गो बायांनो, सूर्य मावळायला आला की!" दारातच उभ्या. कोकणातल्या रेवदंड्याची मराठी, साठ वर्षांत एक काना इकडचा तिकडे झालेला नाही. शब्बाथ, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासूनचा ज्यूंचा विसाव्याचा दिवस, सुरू झाला की चूल पेटवायची नाही, म्हणून सगळं आधीच शिजवून गरम पत्र्यावर ठेवलेलं. नारळाच्या दुधातली कोंबडी, तांदळाच्या भाकऱ्या, बटाट्याची भाजी. आशीर्वादासाठी वाइनऐवजी काळ्या मनुका भिजवून कोळून काढलेलं सरबत. कोकणात द्राक्षाची वाइन मिळत नसे तेव्हाची पद्धत, इथे वाइन पाण्यासारखी मिळते तरी चालू. टेबलावर 'मायबोली'चे अंक होते. इस्रायलमधून निघणारं मराठी नियतकालिक, अजून वाचणारे आहेत.

जेवणानंतर ताईने विषय काढलाच. मावशी जरा वेळ गप्प बसल्या. म्हणाल्या, "अगो, आम्हाला कोण सांगणार होतं इथे आधी काय होतं ते? आम्हीच कोण ते ठरवत होते अजून." त्या १९६४ बद्दल बोलत होत्या. बेने इस्रायली लोक पक्के ज्यू आहेत की नाहीत अशी शंका घेऊन धर्मपीठाने त्यांच्या लग्नांवर अटी घातल्या होत्या. त्याविरुद्ध जेरुसलेममध्ये धरणं धरलं गेलं, संसदेपर्यंत प्रश्न गेला आणि अटी मागे घ्याव्या लागल्या. मावशी त्या धरण्यात होत्या, कडेवर पोर घेऊन. "खालच्या गावात पाण्याला जायचो तेव्हा एक म्हातारी यायची अरब, पलीकडून कुठूनशी. सदुसष्टनंतर. एका घरासमोर उभी राहायची आणि जायची. मी एकदा तिला पाणी दिलं." पुढे त्या काही बोलल्या नाहीत, हलव्याची ताटली पुढे केली.

शुक्रवारी दुपारपासून शनिवारी रात्रीपर्यंत पश्चिम जेरुसलेममध्ये बस आणि ट्राम बंद असतात. अरब भागातल्या मिनीबस दमास्कस दरवाज्याकडून सुरू असतात, आणि टॅक्सी मिळते, पण ज्यादा भाड्यात. आम्ही मावशींकडेच मुक्काम केला.

शनिवार: मालहा, मग रुळांवरून बैत सफाफा

सकाळी लख्ख ऊन. किर्यात हायोव्हेलमधून उतरत अर्ध्या-पाऊण तासात मालहा. रस्त्यावर गाडी नाही, मुलं भर रस्त्यात सायकली फिरवत होती.

मालहाचं नाव जेरुसलेममध्ये कोणालाही विचारा, हात मॉलकडे होतो. १९९३ मध्ये उघडलेला भला मोठा मॉल, त्याच्या पलीकडे १९९१ चं टेडी स्टेडियम, जवळच प्राणिसंग्रहालय. शब्बाथमुळे मॉल बंद, वाहनतळ रिकामा. गाव वर टेकडीवर आहे. गल्ल्या अरुंद, घरं जुनी, अंगणं नीटनेटकी, आणि मधोमध मिनार. १९४८ च्या जुलैत गाव पडलं तेव्हा वस्ती दोन हजारांच्या आत-बाहेर होती. घरांत मध्यपूर्वेतून आलेले ज्यू राहायला आले. एका बाईंनी गच्चीतून आम्हाला हटकलं. ताईने मिनाराकडे बोट दाखवलं. त्या म्हणाल्या, "सुंदर आहे ना? कबुतरं फार करतात." आणि आत गेल्या. मालहाचं एवढंच. ऐन करेमला निदान योहानाने वाचवलं, इथे कोणी संत जन्मला नव्हता.

मॉलशेजारचं रेल्वे स्थानक २०२० पासून बंद आहे. हीच ती जाफा-जेरुसलेम लाइन, १८९२ मध्ये सुरू झालेली. तिच्या शहरातल्या टप्प्यावर आता चालायची वाट केली आहे: रूळ तसेच, मधल्या जागेत फळ्या. शनिवारी सगळं बंद असताना जेरुसलेममध्ये काय करावं असा प्रश्न असेल तर ही वाट धरा. फुकट आहे, सपाट आहे, आणि ताईच्या गुडघ्यांनाही मानवली.

याच रुळांनी बैत सफाफाचं नशीब ठरवलं. १९४९ च्या युद्धविराम करारात इस्रायलला रेल्वे हवी होती, आणि रेल्वे गावातून जात होती. म्हणून रेषा अशी आखली की रूळ आणि त्याच्या बाजूचा गावाचा उत्तरेकडचा भाग इस्रायलकडे, उरलेला मोठा भाग जॉर्डनकडे. मुख्य रस्त्यावरून काटेरी कुंपण गेलं. घर इकडे, काका तिकडे. हे १९६७ पर्यंत. पण या चार गावांत हेच एक गाव असं, जिथले लोक अजून इथे आहेत.

आणि ते लगेच जाणवतं. शनिवार असूनही दुकानं उघडी, भट्टीतून भाकरीचा वास, एका घरासमोर लग्नाचा मांडव. भट्टीवाले आजोबा आमच्या समोर झातरची रोटी थापत होते. कुंपणाचं विचारल्यावर त्यांनी मुलाला गल्ल्यावर बसवलं आणि स्वतः बाहेर आले. "इथे," त्यांनी रस्त्याच्या मधोमध पाय ठेवला. "मी या बाजूला. माझी आत्या त्या बाजूला. बोलायला मनाई, दोन्हीकडे शिपाई. मग लग्नात बायका गाणी म्हणायच्या, मोठ्याने. गाण्यातच सांगायचं कोण आजारी आहे, कोणाला मुलगा झाला. शिपायांना काय कळणार." ते गाऊन दाखवतील अशी मला आशा होती. त्यांनी रोट्या जळतील म्हणून हात झटकले.

कुंपण गेलं, फरक उरला. उत्तरेकडच्यांना १९४८ नंतर इस्रायलचं नागरिकत्व मिळालं. दक्षिणेकडचे १९६७ नंतर जेरुसलेमचे 'कायम रहिवासी' झाले, नागरिक नव्हे. एकाच आडनावाच्या दोन घरांत दोन तऱ्हेची कागदपत्रं. आणि शहर अजून थांबलेलं नाही. गावाच्या मधून सहा पदरी महामार्ग काढला. २०१३ मध्ये लोकांनी आंदोलनं केली, २०१४ च्या सुरुवातीला सर्वोच्च न्यायालयाने याचिका फेटाळली. रस्ता झाला, थोड्या भागावर छप्पर घातलं. आजोबा म्हणाले, "आधी रूळ, मग तार, मग मोटारी. सगळ्यांना आमच्याच अंगणातून जायचं असतं." ठाण्या-मुंबईच्या कोळीवाड्यांत वाढलेल्या कोणालाही हे वाक्य समजावून सांगावं लागणार नाही.

गावाच्या कडेला, पात भागाला लागून, हिब्रू आणि अरबी अशा दोन्ही भाषांत शिकवणारी शाळा आहे. १९९८ मध्ये हा उपक्रम सुरू झाला. २०१४ मध्ये तिचा एक वर्ग ज्यू अतिरेक्यांनी जाळला, तरी शाळा चालू राहिली. शनिवार म्हणून बंद होती. कुंपणावर मुलांची चित्रं होती, त्यांत ताईने शुद्धलेखन तपासायचा प्रयत्न केला, दोन्ही लिप्या येत नसताना.

रोट्या इतक्या घेतल्या की संध्याकाळचं जेवण झालंच. तिथून रुळांच्या वाटेने उत्तरेकडे, बाका आणि जर्मन कॉलनीतून, जुन्या स्थानकापर्यंत आलो. ते आता खाण्यापिण्याचं ठिकाण झालंय आणि शनिवारीही उघडं असतं. गर्दी फार, कॉफी बरी.

रविवार: निघताना

परतीची गाडी दुपारी होती. सकाळी गिव्हात शाऊलला जाऊन आलो. देर यासीन गाव होतं ती जागा आता एका मानसोपचार रुग्णालयाच्या आवारात आहे. ९ एप्रिल १९४८ ला इर्गुन आणि लेही या सशस्त्र ज्यू गटांनी इथे शंभराहून अधिक माणसं मारली, आणि त्या बातमीने आजूबाजूची कितीतरी गावं हलली. १९५१ मध्ये गावाच्या घरांतच रुग्णालय सुरू झालं. आत जाता येत नाही, आणि रुग्णांचा विचार केला तर जाऊही नये. कुंपणातून जुन्या दगडी भिंती दिसतात. ज्यांना बाकी गावं बघायचीत त्यांनी खरं तर इथून सुरुवात करावी, म्हणजे तारखांचा धागा लागतो: लिफ्ता याच्या आधीचं, ऐन करेम आणि मालहा नंतरची.

आणखी दोन गोष्टी. पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत, वेगळी निळी चिठ्ठी देतात. ती परत निघेपर्यंत जपा, हॉटेलातही मागतात. आणि परतीच्या वेळी विमानतळावर किमान तीन तास आधी पोचा, कारण सुरक्षातपासणीत प्रश्न विचारतात, सगळ्यांनाच.

आम्हाला विचारणारी मुलगी विशी-बाविशीची होती. कुठे कुठे फिरलात? ताईने वर्गात हजेरी घ्यावी तशी नावं घेतली: लिफ्ता, ऐन करेम, मालहा, बैत सफाफा. मुलगी थांबली.

"मालहा? शॉपिंगला?"

"मॉल बंद होता," ताई म्हणाली.

"अरेरे," ती म्हणाली, आणि बॅगेला चिकटपट्टी लावली.